काचेतला ढग

"मामा, खाऱ्या पाण्यात बुडालेलं इंजिन पुन्हा चालू होतं का?"

मुलांनो, गेल्या मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ होती. रेवसच्या धक्क्यावर मी आणि माझा भाचा लाँचची ये-जा बघत उभे होतो. समोर धरमतरच्या खाडीपलीकडे करंजा दिसत होतं. भाचा मुंबईचा, नुकताच सातवीतून आठवीत गेलेला. सुट्टी लागली की भाऊच्या धक्क्यावर लाँच पकडायची आणि थेट मामाचं गाव गाठायचं, हा त्याचा दरवर्षीचा नेम. बडबड्या इतका, की लाँचवरच्या खलाशांशीसुद्धा त्याची दोस्ती! पण त्या दिवशी सकाळपासून स्वारी अगदी गप्प होती. आणि मध्येच हा प्रश्न.

शेजारी जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका कोळी काकांनीच उत्तर दिलं. "व्हतं की! पण लगेच काढून गोड्या पाण्यानं धुवाला लागतं. नुसतं सुकवलं तर मीठ आतच रहातं. आन मीठ लोखंडाला खातं."

"आणि दोन दिवस झाले असतील तर?" भाच्याने विचारलं.

आता मात्र मला शंका आली. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

कपाटातलं गुपित

झालं होतं असं. दोन दिवसांपूर्वी दुपारी मी कामानिमित्त बाहेर गेलो होतो. भाचा माझ्या लॅपटॉपवर चित्रं काढत बसला होता. बाजूला कोकम सरबताचा ग्लास. माऊस फिरवता फिरवता कोपर लागलं आणि अर्धा ग्लास सरबत थेट कीबोर्डवर! तो घाबरला. टॉवेलने वरवर पुसलं, झाकण मिटलं आणि लॅपटॉप माझ्या कपाटात उभा करून ठेवला. रात्री सगळे झोपल्यावर हळूच उघडून पाहिलं, तर स्क्रीन लागली होती, पण खालच्या कोपऱ्यात ढगासारखा पांढुरका डाग आणि त्यावरून थरथरणाऱ्या रेघा. त्याने पुन्हा मिटून ठेवलं. तेव्हापासून जेवणही गोड लागत नव्हतं. "काय रं पोरा, जेवत का नाय?" असं आजीने दोनदा विचारलं, तरी पठ्ठ्या गप्पच.

खरं सांगतो, माझा आवाज चढला. कारण त्या लॅपटॉपमध्ये नुसती शाळेची कामं नव्हती. माझी आई, म्हणजे भाच्याची आजी, आमच्या भागातली धवलारीण. आगरी लग्नात धवले गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. ही गाणी कुठे लिहून ठेवलेली नसतात. एकीने म्हणायची, दुसरीने ऐकून पाठ करायची. आईचा आवाज आता थकलाय, सलग गाणं तिला जमत नाही. पण चार वर्षांपूर्वी मी तिचे अकरा धवले लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. आणि दुसरी प्रत? ती काढायची राहूनच गेली होती. म्हणजे चूक एकट्या भाच्याची नव्हती.

घरी आलो आणि आणखी एक चूक केली. न राहवून लॅपटॉपचं बटण दाबलं. दिवा लागला, आतला पंखा घरघरला, पण स्क्रीन काळीठिक्कर. मग भानावर आलो. बटण दाबून धरून लॅपटॉप पूर्ण बंद केला. माझा लॅपटॉप जुना, त्यामुळे त्याची बॅटरी खालून काढता येते. ती काढून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने आम्ही दोघं अलिबागला निघालो.

स्क्रीनच्या पोटात काय असतं?

अलिबागला संगणक दुरुस्त करणारे एक ओळखीचे काका आहेत. सगळी हकिकत ऐकून ते म्हणाले, "आधी जे महत्त्वाचं, ते वाचवू." त्यांनी लॅपटॉप उघडला, गाणी जिच्यात साठवली होती ती हार्ड डिस्क बाहेर काढली. ती कोरडी होती. दुसऱ्या संगणकाला जोडली आणि एक फाईल लावली.

दुकानात आईचा आवाज घुमला.

भाचा खुदकन हसला आणि लगेच रडलासुद्धा. काकांनी अकराच्या अकरा गाणी एका पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. मुलांनो, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा. स्क्रीन म्हणजे लॅपटॉपचा चेहरा. चेहरा काळा पडला म्हणजे आठवण गेली असं नाही. माहिती हार्ड डिस्कमध्ये असते आणि स्क्रीन तिचं फक्त चित्र दाखवते.

पण मग सरबत सांडलं कीबोर्डवर आणि बिघडली स्क्रीन, हे कसं? ते समजायला स्क्रीनच्या पोटात शिरलं पाहिजे.

लॅपटॉपची ही स्क्रीन म्हणजे एकच काच नव्हे. बटाटेवड्याच्या पावात कसे थर असतात, तसे तिच्यात थर असतात. खालच्या कडेला छोट्या एलईडी दिव्यांची एक ओळ. त्यांचा प्रकाश सगळीकडे पसरवणारी पारदर्शक पाटी. तो प्रकाश एकसारखा करणारे दुधी कागदासारखे पातळ पडदे. आणि सर्वांत वर दोन पातळ काचांमध्ये कोंडलेला एक विलक्षण पदार्थ, द्रवस्फटिक. तो पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे रेणू मात्र स्फटिकातल्यासारखे शिस्तीत उभे राहतात.

हा पदार्थ सापडला तोही योगायोगाने. १८८८ साली फ्रेडरिक रायनित्झर हा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ प्रागमध्ये एक पदार्थ तापवून पाहत होता. १४५.५ अंश सेल्सिअसला तो वितळला, पण गढूळच राहिला. १७८.५ अंशांना मात्र एकदम स्वच्छ झाला. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू! त्या गढूळपणातच द्रवस्फटिक दडला होता. पुढे १९७७ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून जगाला चकित केलं. हे चंद्रशेखर म्हणजे ताऱ्यांचा अभ्यास करून नोबेल मिळवणारे चंद्रशेखर नव्हेत हं! पण गंमत म्हणजे सर सी. व्ही. रामन हे या चंद्रशेखरांचे सख्खे मामा. हे ऐकून आमच्या भाच्याची कळी जरा खुलली.

द्रवस्फटिकाचं काम खिडकीच्या पट्ट्यांसारखं. काही पडद्यांना आडव्या पट्ट्या असतात, दोरी ओढली की पट्ट्या वळतात आणि उजेड कमी-जास्त होतो. तसंच इथे विजेचा दाब बदलला की रेणू वळतात आणि मागून येणारा प्रकाश कमी-जास्त होतो. माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके आहेत. गुणाकार करून पाहा बरं! १० लाख ४९ हजार ८८. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन खिडक्या. म्हणजे एकूण ३१ लाख ४७ हजार २६४ खिडक्या! चांगलं भिंग घेऊन घरातल्या संगणकाच्या पांढऱ्या पानाकडे पाहिलंत, तर या रंगीत खिडक्या तुम्हालाही दिसतील. पण भिंग काचेला टेकवू नका.

या सगळ्या खिडक्यांना हुकूम देणारी सर्किट पट्टी स्क्रीनच्या खालच्या कडेला असते. मूळ सर्किटकडून येणारी केबल बिजागरीतून वर येऊन स्क्रीनच्या पाठीमागे, खालच्या बाजूलाच जोडलेली असते. आता कळलं ना? भाच्याने ओला कीबोर्ड तसाच ठेवून झाकण मिटलं, लॅपटॉप उभा केला. कीबोर्डमधलं सरबत ओघळून नेमकं स्क्रीनच्या खालच्या कडेशी आलं. तिथून ते पातळ पडद्यांच्या फटीत चढलं. दिव्याच्या वातीत तेल जसं आपोआप चढतं, तसंच. विज्ञानाच्या पुस्तकात त्याला केशाकर्षण म्हणतात.

पाणी उडतं, मीठ उरतं

"आता दोन दिवसांत सगळं वाळलं असेल की," मी काकांना म्हटलं.

काकांनी मूळ सर्किट माझ्यासमोर धरलं. तांब्याच्या बारीक टोकांवर हिरवट थर आला होता. "वाळलं म्हणजे गेलं नव्हे, गुरुजी," ते म्हणाले.

मला धक्क्यावरचे कोळी काका आठवले. मुलांनो, उरण-पेणकडची मिठागरं तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. खाडीचं पाणी वाफ्यात घेतात, उन्हाने पाणी उडून जातं आणि मागे मीठ उरतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लॅपटॉपमध्येही असंच छोटंसं मिठागर तयार होतं. पाणी जातं, पण पाण्याबरोबर आलेले पाहुणे मुक्कामालाच राहतात. चहा असेल तर साखर आणि दूध. कोकम सरबत असेल तर साखर, मीठ आणि वर आंबटपणाही.

हा आंबटपणा कसा काम करतो, हे तुमच्या आजीला विचारा. तांब्याचा काळवंडलेला हंडा ती चिंचेने किंवा कोकमाने घासते आणि हंडा लख्ख होतो. कारण आम्ल तांब्यावरचा थर विरघळवतं. हंड्याचं तांबं जाड, त्याला काही होत नाही. पण सर्किटवरचे तांब्याचे रस्ते केसाहून बारीक असू शकतात. त्यात विजेचा प्रवाह सुरू असेल तर विचारूच नका. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, पण पाण्यात क्षार मिसळले की ती सहज वाहते. मग नको तिथे वीज जाते आणि धातू झपाट्याने झिजतो. म्हणून खरा शत्रू एकटं पाणी नव्हे. पाणी, क्षार आणि वीज हे त्रिकूट जमलं की घात होतो. त्यातली वीज तोडणं आपल्या हातात असतं, आणि तीही पहिल्याच मिनिटात.

काकांनी मग कोळी काकांचाच उपाय केला. सर्किट सुटं करून आधी ऊर्ध्वपातित पाण्याने, म्हणजे ज्यात क्षार नसतात अशा पाण्याने धुतलं. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रश बुडवून हलक्या हाताने साफ केलं. हे अल्कोहोल पाण्याला सोबत घेऊन पटकन उडून जातं आणि मागे काही ठेवत नाही. पण ते चटकन पेटतं, म्हणून हे काम जाणकाराचं. घरातलं सॅनिटायझर त्यासाठी वापरू नका. त्यात इतरही पदार्थ असतात.

रोग कुठला, ते शोधायचं कसं?

लॅपटॉप रात्रभर वाळत ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा हजर. आता सुरू झाली तपासणी. डॉक्टर जसे एकेक शक्यता बाजूला सारत जातात, अगदी तशी.

पहिली परीक्षा. काकांनी लॅपटॉप दुकानातल्या मॉनिटरला जोडला. मॉनिटरवर स्वच्छ चित्र आलं. म्हणजे मूळ सर्किट ठीक, बिघाड स्क्रीनमध्ये किंवा केबलमध्ये. घरी ही परीक्षा टीव्हीला जोडूनही करता येते, मात्र लॅपटॉप आतून पूर्ण वाळल्यावरच.

दुसरी परीक्षा विजेरीची. दुकानातला दिवा बंद करून काकांनी काळ्या स्क्रीनवर तिरकी विजेरी धरली. "नीट बघ," ते भाच्याला म्हणाले. आणि काय आश्चर्य! काळ्या काचेत अंधूकसं चित्र दिसत होतं. याचा अर्थ खिडक्या काम करत होत्या, फक्त मागचा दिवा लागत नव्हता.

तिसरी परीक्षा केबलची. स्क्रीनची चौकट काढल्यावर खालच्या बाजूचं केबलचं टोक दिसलं. दिव्यांना वीज पोचवणाऱ्या बारीक पिनांवर तोच हिरवा थर! त्या रात्रीच्या थरथरत्या रेघाही या ओल्या जोडामुळेच आल्या होत्या. काकांनी जोड साफ केला, नवी केबल बसवली, बटण दाबलं, आणि स्क्रीन उजळली. भाच्याने टाळ्या वाजवल्या.

पण खालच्या कोपऱ्यातला ढग? तो तसाच होता.

चौथी परीक्षा मला फार आवडली. काकांनी स्क्रीनशॉट घेतला, म्हणजे स्क्रीनवर जे दिसतं त्याचा संगणकानेच काढलेला फोटो. तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिला, तर त्यात ढग नव्हता. म्हणजे डाग चित्रात नव्हता, तो काचेमागच्या पडद्यांत होता. सरबत वाळलं, पण त्याचे साखर-मीठ दुधी पडद्यांमध्ये चिकटून बसले. तिथून जाणारा प्रकाश विस्कटतो आणि आपल्याला ढग दिसतो.

"हे पडदे उघडून पुसता येत नाहीत का?" भाच्याने विचारलं.

"येतात. पण काच कागदासारखी पातळ असते, एका बाजूने वाकली तरी तडकते. आणि धुळीचा एक कण आत गेला तरी तो कायमचा दिसत राहतो. त्यापेक्षा पूर्ण पॅनेल बदललेलं बरं," काका म्हणाले.

नवं पॅनेल म्हणजे मोठा खर्च. शिवाय चिकट झालेला कीबोर्डही बदलायचा होता. आम्ही विचार केला आणि कीबोर्ड बदलला, ढग मात्र राहू दिला. त्याने कामाचं काही अडत नाही.

तांदूळ नको, ऊन नको!

तुमच्या घरी असं झालं तर काय कराल? हे वाचून ठेवा, आणि घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

१. चार्जर जोडलेला असेल तर भिंतीवरचं बटण कोरड्या हाताने बंद करा. बटणाजवळ किंवा जमिनीवर पाणी असेल तर हात लावू नका, मोठ्यांना हाक मारा.

२. लॅपटॉपचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. तो पूर्ण बंद होईल. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढून ठेवा. आत बसवलेली असेल तर स्वतः खोलू नका.

३. झाकण मिटू नका. कीबोर्डवर सांडलं असेल तर लॅपटॉप उघडाच ठेवून टॉवेलवर तंबूसारखा पालथा उभा करा, म्हणजे पाणी खाली निथळेल. स्क्रीनवर सांडलं असेल तर मऊ कोरड्या कापडाने टिपून घ्या. दाबू नका, घासू नका.

४. "बघू तरी चालू होतोय का" हा मोह टाळा. मला तो टाळता आला नाही, तुम्ही टाळा.

५. कडक उन्हात ठेवू नका, केस वाळवायचं यंत्र फिरवू नका. उष्णतेने बॅटरी आणि स्क्रीनचे पडदे बिघडतात. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका. तांदूळ आतलं मीठ-साखर काही शोषून घेत नाही, उलट त्याचा भुगा आत जातो. ॲपल कंपनीनेसुद्धा २०२४ साली आपल्या ग्राहकांना भिजलेला फोन तांदळात ठेवू नका असं सांगितलं आहे.

६. काय सांडलं ते आठवून ठेवा आणि दुरुस्ती करणाऱ्यांना खरं सांगा. साधं पाणी, चहा, सरबत, समुद्राचं पाणी, प्रत्येकाचा उपचार निराळा. जितकं गोड, खारट किंवा आंबट, तितकी घाई जास्त.

७. आणि महत्त्वाच्या फाईलींची दुसरी प्रत आजच काढा. उद्या नको, आज!

दोन दिवसांची किंमत

निघताना भाच्याने काकांना विचारलं, "मी लगेच सांगितलं असतं तर?"

काका म्हणाले, "लगेच बंद करून आणला असतास, तर केबल बहुतेक वाचली असती. ढगही कदाचित आला नसता."

परतीच्या एसटीत मी त्याला विचारलं, "का रे सांगितलं नाहीस?"

"तू ओरडशील म्हणून."

आणि मी ओरडलोच होतो की! वर्गात मी मुलांना रोज सांगतो, चुकलं तर सांगा. पण सांगितल्यावर आपण काय करतो, ते मुलं आधी बघतात. पालकहो, म्हणून हे थोडं तुमच्यासाठी. मूल घाबरत घाबरत येऊन म्हणालं, "माझ्याकडून सांडलं," तर पहिलं वाक्य असू द्या, "बरं झालं लगेच सांगितलंस." रागवायचंच असेल तर चार्जर काढल्यावर रागवा. त्या पहिल्या मिनिटाची किंमत रागापेक्षा जास्त असते.

मुलांनो, तुमच्यासाठी एवढंच. सरबत सांडणं हा अपघात आहे, तो कुणाच्याही हातून होतो. पण मनात दाबून ठेवलेली गोष्टही त्या मिठासारखीच. वरून सगळं कोरडं दिसतं आणि आतून झिजत राहतं.

तो लॅपटॉप अजून माझ्याकडे आहे. वर्गात पांढरं पान उघडलं की खालच्या कोपऱ्यातला ढग दिसतो. कुणीतरी विचारतंच, "सर, तिथे काय झालं?" मग मी ही गोष्ट सांगतो आणि आईचा एक धवला लावतो. त्या अकरा गाण्यांच्या प्रती आता तीन ठिकाणी आहेत. एक माझ्याकडे, एक शाळेत आणि एक मुंबईत, भाच्याकडे. दिवाळीच्या सुट्टीत तो आला, तेव्हा आल्या आल्या आजीजवळ बसला आणि त्यातली दोन गाणी त्याने तिला पाठ म्हणून दाखवली.

सरबताचा ग्लास मात्र त्याने आधी खाली, जमिनीवर ठेवला होता!